सुट्या भागांचा डबा

आपल्या घरात मीठ-मिरचीचे डबे असतात. सुई-दोराही असतो. आज मी आणखी एका डब्याविषयी बोलणार आहे. तो म्हणजे विजेच्या सुट्या भागांचा डबा.

मागल्या उन्हाळ्यात आमच्या आळीतल्या एका आजींचा पंखा अडला. नुसता घूं घूं करी, फिरेना. काठीने ढोसला की फिरू लागे. घरात नातू तापाने फणफणलेला. आजींचा मुलगा म्हणाला, "गुरुजी, पंखा जळला. आता नवाच आणावा लागणार."

मी म्हटले, "थांब बाबा. ढोसल्यावर फिरतो ना? मग बहुधा कंडेन्सर गेला असेल."

माझ्या डब्यात चार कंडेन्सर होते. त्यांतला नेमका कोणता? जुन्यावर आकडे छापले होते : २.५ मायक्रोफॅरड, ४४० व्होल्ट. आजी तेव्हा रात्रीच्या वर्गाला येत. इंग्रजी आकडे त्यांना नुकतेच येऊ लागले होते. चष्मा लावून त्यांनीच तसाच दुसरा शोधून दिला. मेन स्विच बंद करून आम्ही तो बसवला. पंखा फिरला! नव्या पंख्याचा खर्च टळला.

तर मंडळी, दुरुस्तीचा छंद लावून घ्यायचा असेल, तर आधी डबा करा. मोडका रेडिओ भंगारात देण्याआधी त्यातले चांगले भाग काढून ठेवा. प्रत्येक जातीला निराळी काडेपेटी करा.

रेझिस्टन्सवर बहुधा आकडा नसतो, रंगांचे पट्टे असतात. काळा म्हणजे ०, तपकिरी १, तांबडा २, नारिंगी ३, पिवळा ४, हिरवा ५, निळा ६, जांभळा ७, करडा ८, पांढरा ९. पहिले दोन पट्टे आकड्यांचे. तिसरा सांगतो, पुढे शून्ये किती. तपकिरी, काळा, तांबडा म्हणजे १,००० ओहम. ही रंगांची उजळणीच आहे!

पण न वाचता काही जोडू नका. रेडिओतल्या नळकांड्यासारख्या कंडेन्सरवर उणे बाजूला पट्टा असतो. एकदा मी तो न पाहता उलटा जोडला. फाटकन फुटला. डोळे थोडक्यात वाचले. फ्यूजच्या जागी जाड तार तर कधीच घालू नका. त्याने घर पेटते.

काडेपेट्यांवर चिठ्ठ्या लावा. आणि त्या दुसऱ्याकडून लिहून घेऊ नका. आता तुम्हांला लिहिता येते. तुम्हीच लिहा.