असुराला आवाज कोण देतं?

(मुनिरका, दिल्ली येथे विद्यार्थ्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय व्हिडिओ गेमचा आहे, म्हणून तो हलका समजू नका. मुनिरक्यातल्या खोल्यांमध्ये अभ्यास आटोपला की आपली कितीतरी मुलं रोल-प्लेइंग गेम खेळतात. त्यांत माणसांसोबत एल्फ, ऑर्क, ट्रोल असे काल्पनिक वंश असतात. त्यांना आवाज देणारे कलाकार असतात. कुणी कसं बोलायचं, हे ठरवताना मात्र जी उतरंड वापरली जाते, ती काल्पनिक नाही.

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' (२००४) या गेममधले ट्रोल कॅरिबियन बेटांवरच्या काळ्या लोकांच्या ढंगात इंग्रजी बोलतात. पीटर जॅक्सनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' चित्रपटांत ऑर्कांच्या तोंडी लंडनच्या कामगारवस्तीची बोली आहे, तर एल्फांच्या तोंडी प्रतिष्ठितांचं इंग्रजी. रानटी दाखवायचा असेल, तर कष्टकऱ्याची जीभ उसनी घ्यायची, असा हा रिवाज आहे.

आपल्याकडे हा रिवाज फार जुना. संस्कृत नाटकात राजा आणि ब्राह्मण संस्कृत बोलणार. बहुतेक स्त्रिया आणि सेवक प्राकृत बोलणार. शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' नाटकात चांडाळांची बोलीही वेगळी आहे. पात्राने तोंड उघडताच त्याची पायरी कळली पाहिजे! आजही 'आणि'चं 'आनि' झालं की वर्गात हसू फुटतं. ते हसू याच परंपरेतून आलेलं आहे.

गेममध्ये आणखी एक भेद असतो. नायकाच्या सोबत्यांना लांबलचक संवाद मिळतात. ते रुसतात, वाद घालतात, आपल्या आईविषयी बोलतात. शत्रूच्या वाट्याला बहुतेक वेळा लढाईत पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या आरोळ्या, गुरगुर आणि मरतानाची किंकाळी एवढंच येतं. कलाकार घसा खरवडून तेवढंच रेकॉर्ड करतो. ज्याच्याशी बोलताच येत नाही, त्याला मारताना आपलं बोट अडखळत नाही.

पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली 'राजी' हा गेम काढला. राजी ही सर्कशीत काम करणारी मुलगी. तिच्या भावाला असुर पळवून नेतात आणि ती त्याला सोडवायला निघते. कष्टाने पोट भरणारी मुलगी नायिका झाली, हे मला आवडलं. पण गोष्ट सांगतात दुर्गा आणि विष्णू, आणि खलनायकाचं नाव महाबलासुर. त्याच पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहून बळीराजाची बाजू मांडली होती. निवेदक बदलला की राक्षस कोण, हेही बदलतं, एवढं तरी आपण त्यांच्याकडून शिकलो आहोत.

'बाहुबली' (२०१५) मधल्या काळ्याकुट्ट, क्रूर कालकेयांसाठी मदन कार्की यांनी 'किलिकी' ही भाषा नव्याने घडवली. तिला शब्दसंग्रह आहे, व्याकरणाचे नियम आहेत. इकडे झारखंडमध्ये असुर नावाची खरी जमात आहे. दगडापासून लोखंड गाळण्याची परंपरा असलेली ही माणसं. त्यांची असुरी ही मुंडा कुळातली भाषा लुप्त होण्याच्या धोक्यात आहे. पडद्यावरच्या असुरासाठी नवी भाषा घडवली जाते आणि जिवंत असुराची भाषा ऐकायला कुणी नसतं. याचा विचार आपण करायचा.

तुमच्यातले काही जण डबिंगमध्ये जातील, काही गेमचे संवाद लिहितील. घरातल्या पहिल्या पदवीधराला तिथे सांगितलं जाईल की आधी तुझे उच्चार सुधार. प्रमाणभाषा जरूर शिका, ती आपलीही आहे. पण आईची बोली फक्त नोकर, चोर आणि राक्षसासाठी मागितली, तर विचारा, हीच बोली नायिकेला का नको? आणि संहिता तुमच्या हाती असेल, तर शत्रूलाही पूर्ण वाक्यं द्या. तो का लढतोय, हे त्याच्याच तोंडून येऊ द्या.

जय भीम, जय जोती, जय सावित्री.