खेळाची माहिती आणि तर्काची कसोटी


अर्जुनी मोरगाव आणि आसपासच्या गावांतल्या कबड्डीप्रेमी तरुणांनो,
आज खास तुमच्याशी बोलायचं आहे.

खेळाला फक्त खेळाडू लागतात का?
नाही.
स्पर्धा भरवणारे लागतात.
प्रायोजक मिळवणारे लागतात.
हे रीतसर शिकता येतं.
त्याला म्हणतात, क्रीडा व्यवस्थापन.

क्रिकेटपटू नीलेश कुलकर्णी आठवतात?
1997 साल. कोलंबो.
कसोटीतल्या आपल्या पहिल्याच चेंडूवर त्यांनी बळी घेतला.
पुढे 2010 मध्ये त्यांनी मुंबईत क्रीडा व्यवस्थापनाची संस्था काढली.
मला ही दुसरी कामगिरी अधिक मोलाची वाटते.

आता अशा अभ्यासक्रमांच्या प्रवेशाविषयी.
आपल्या राज्याच्या एमबीए प्रवेश परीक्षेत, म्हणजे सीईटीत, खेळांचा वेगळा विभाग नसतो.
तिथे तर्कशक्तीवर मोठा भर असतो.
क्रीडा व्यवस्थापनासाठी मात्र खेळाची जाणही पारखली जाऊ शकते.
कधी लेखी परीक्षेत, कधी मुलाखतीत.
म्हणून खेळाची माहिती हवी,
आणि तर्कही हवा.

एक प्रश्न सोडवू या.
कबड्डीची स्पर्धा आहे. बाद पद्धतीची.
संघ आठ.
एकूण सामने किती?

(विराम)

प्रत्येक सामन्यात एक संघ बाहेर जातो.
शेवटी विजेता एकच उरतो.
म्हणजे सात संघ बाहेर गेले.
म्हणून सामने सात.

बाद पद्धत म्हणजे काय, ही झाली माहिती.
उत्तर काढलं, तो तर्क.
दोन्ही हवेत, मित्रांनो.

आता हेच आठ संघ साखळी पद्धतीने खेळवा.
प्रत्येकाची गाठ प्रत्येकाशी, एकदाच.
घरी मोजून बघा.
उत्तर अठ्ठावीस यायला हवं.