वैद्यक-साहाय्यक : त्याचे शिक्षण व त्याचे स्थान

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



गतवर्षी आपल्या शिक्षण-साहाय्य समितीपुढे एका मुलीचा अर्ज आला होता. बारावीचे गुण उत्तम. परंतु वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत संधी थोडक्यात हुकली, आणि तिने ‘फिजिशियन असोसिएट’ ह्या चार वर्षांच्या पदवी-अभ्यासक्रमास प्रवेश घेतला. समितीने अर्ज नामंजूर केला. हा काही डॉक्टरकीचा अभ्यासक्रम नव्हे, असे कारण नोंदले गेले. त्या ठरावाखाली माझीही सही आहे. ती सही मनाला लागून राहिली, म्हणूनच अध्यक्षांकडून मी आजचा हा वेळ मागून घेतला.

वस्तुतः हा मनुष्य आपल्या परिचयाचा आहे. माझे वडील तालुक्याच्या गावी दवाखाना चालवीत. त्यांचे कंपाउंडर तात्या येथील जुन्या मंडळींना आठवत असतील. मिक्श्चरच्या बाटलीला मात्रांच्या खुणांची कागदी पट्टी डकवावी, जखमा धुवाव्यात, पोराचा हात धरून सुई टोचावी, ही त्यांची नित्याची कामे. वडील परगावी गेले, म्हणजे कोणत्या रोग्यास धीर देऊन घरी पाठवावे आणि कोणास बैलगाडीत घालून सिव्हिल हॉस्पिटलात धाडावे, हेही तात्याच ठरवीत. त्यांचे ठरविणे बहुधा बरोबर असे. परंतु ते ज्ञान त्यांस कोणी रीतसर शिकविले नव्हते, आणि कोणी तपासूनही पाहिले नव्हते. त्यामुळे ते जेथे चुकले असतील तेथली चूक कोणाच्याच ध्यानी आली नसेल.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातील गार्लंड नावाच्या लहानशा गावी असेच एक तात्या होते. डॉ. अमोस जॉन्सन ह्यांच्या दवाखान्यातील हेन्री ट्रेडवेल हे ते गृहस्थ. डॉक्टर सभा-परिषदांस गेले तरी दवाखान्याचे काम त्यांच्या भरवशावर चाले. त्याच राज्यातील ड्यूक विद्यापीठाचे डॉ. यूजीन स्टेड ह्यांस ह्या जोडीची माहिती होती. जे गार्लंडमध्ये एका माणसाच्या अंगच्या हुशारीवर चालले आहे ते विद्यालयात शिकविता का येऊ नये, ह्या विचाराने त्यांनी १९६५ साली नौदलात रुग्णसेवा केलेले चार तरुण निवडले. १९६७ साली त्यांतील तिघे अभ्यासक्रम पुरा करून बाहेर पडले. ह्या व्यवसायाचा आरंभ तो.

आपल्या देशात ही कल्पना मद्रासमार्गे आली. हृदयशस्त्रक्रियेतील नामांकित शल्यचिकित्सक डॉ. के. एम. चेरियन ह्यांनी १९९२ साली तेथील मद्रास मेडिकल मिशनमध्ये असे शिक्षण सुरू केले. पुढे संसदेने २०२१ साली संलग्न आरोग्य-व्यवसायांचा कायदा केला, त्याच्या परिशिष्टात ह्या व्यवसायाचा नामनिर्देश आहे. सामान्यतः तीन वर्षे वर्गात व वॉर्डात शिक्षण, आणि चौथे वर्ष प्रत्यक्ष उमेदवारीचे. शरीररचना, औषधशास्त्र हे विषय तर आहेतच. परंतु खरे शिक्षण रोग्याच्या खाटेपाशी होते. रोग्याची हकीकत क्रमवार विचारून लिहून घेणे, अंग तपासणे, हृदयाचा आलेख वाचणे, शस्त्रक्रियेत मदतीस उभे राहणे, घरी जाणाऱ्या रोग्याचा कागद बिनचूक तयार करणे, अशी ही कामे. निदानाचा व औषधयोजनेचा अखेरचा शब्द डॉक्टरांचा.

हा अखेरचा शब्द वेळेवर न मिळाल्यास काय होते, ते मी स्वतः पाहिले आहे, आणि त्यात दोष माझा होता. एका खाजगी रुग्णालयात मी शल्यचिकित्सक असताना माझ्या हाताखाली असाच एक तरुण साहाय्यक होता. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या रात्री त्याने एका रोग्याच्या नाडीचे आकडे तक्त्यावर लिहिले : ८८, मग १०४, मग १२२. रक्तदाब मात्र ठीक होता. तरुण देहात पोटात रक्तस्राव होत असताही रक्तदाब पुष्कळ वेळ टिकून राहतो, नाडी आधी बोलते. हे त्याला शिकविलेले होते आणि तो ओळखूनही होता. तरी त्याने मला पहाटे पाचपर्यंत फोन केला नाही. आठच दिवसांपूर्वी मध्यरात्री उठविल्याबद्दल मी त्याला परिचारिकांदेखत खडसावले होते, हे त्याचे कारण. दरम्यान रोग्याचे वडील बंधू त्याला ‘डॉक्टरसाहेब’ म्हणून विचारीत होते, व तो ‘पाहतो आहे’ म्हणून सांगत होता. रोगी वाचला, परंतु त्याला पुन्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर घ्यावे लागले. त्या तरुणाच्या शिक्षणात मला काहीही उणे आढळले नाही.

इंग्लंडातही नेमक्या ह्याच ठिकाणी गाडे अडले. तेथे पदवीनंतर दोन वर्षांचे शिक्षण घेऊन हे लोक सरकारी आरोग्यसेवेत आले. कित्येक रोग्यांस आपणांस तपासणारा डॉक्टर नव्हे हे ठाऊकच नसे, आणि काही दुःखद मृत्यूंनंतर लोकक्षोभ झाला. १३ डिसेंबर २०२४ पासून त्यांची नोंदणी तेथील जनरल मेडिकल कौन्सिलकडे आली. जुलै २०२५ मध्ये प्राध्यापिका जिलियन लेंग ह्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. ‘असोसिएट’ हे नाव सोडून ‘असिस्टंट’ म्हणावे, पोशाख व बिल्ला डॉक्टरांहून वेगळा असावा, आणि ज्याच्या रोगाचे निदान अद्याप झालेले नाही असा रोगी ठरवून दिलेल्या मर्यादेबाहेर त्यांनी पाहू नये, अशा त्यांच्या शिफारसी आहेत. हा व्यवसाय बंद करा, असे मात्र त्यांनी म्हटलेले नाही.

नावाचा हा मोह आपल्याकडे काही कमी नाही. ह्याच अंकाच्या वधू-वर सूचीत उद्या ह्या मुलांच्या नावामागे ‘डॉ.’ लागलेले दिसले, तर मला नवल वाटणार नाही. आणि ते मुलांपेक्षा त्यांच्या मातापित्यांनीच लावलेले असेल! ज्यांची मुले ह्या शिक्षणास जातील त्यांस माझी हात जोडून विनंती आहे, की ही दोन अक्षरे लावू नका. आणि इस्पितळात आपला मनुष्य असेल तेव्हा समोरच्या तरुणास संकोच न बाळगता विचारा : आपण कोण, आणि आपल्यावरचे डॉक्टर कोण? शहाणा साहाय्यक ह्या प्रश्नाने दुखावत नाही. उलट त्याचे ओझे हलके होते.

माझे डॉक्टरबंधू येथे पुष्कळ आहेत. त्यांना मी एवढेच विचारतो, की आपला साहाय्यक रात्री दोन वाजता आपणांस फोन करण्यास भितो की काय, हे आपण कधी त्याच्याकडून काढून घेतले आहे काय?

समितीच्या येत्या बैठकीत तो अर्ज मी पुन्हा ठेवणार आहे, आणि निधीच्या नियमांत ‘वैद्यकीय’ ह्या शब्दापुढे ‘व संलग्न आरोग्य-व्यवसाय’ एवढे शब्द घालावेत अशी सूचना मांडणार आहे. आपण सभासदांनी तिला अनुमोदन द्यावे. ती मुलगी आता दुसऱ्या वर्षात आहे. पहिल्या वर्षाची फी तिच्या वडिलांनी पतपेढीचे कर्ज काढून भरली, असे मला समजले आहे.