आधी कच्चा टाका

आम्ही तिघी आपल्याच तालुक्यातल्या तीन गावांत वाचनालय सांभाळतो. कागदावर आम्ही ग्रंथपाल, गावात ‘पुस्तकवाल्या ताई’. कुलूप उघडणं, झाडलोट, वर्तमानपत्रं लावणं, पुस्तकांची देवघेव, दप्तर लिहिणं, तपासणीला हिशेब दाखवणं, सगळं आमच्याकडेच. आज आम्ही बोलणार आहोत आमच्या शिकण्याविषयी. चाळिशी उलटल्यावर पुन्हा वही-पेन घेऊन बसण्याविषयी. आणि सुरुवात करणार आहोत आमच्या हातून झालेल्या एका चुकीपासून.

आमच्यातल्या एकीच्या वाचनालयात 1961 सालचा एक हस्तलिखित अंक आहे. गावातल्या भगिनी मंडळानं काढलेला. त्यात ओव्या आहेत, पाककृती आहेत, विहिरीच्या रांगेवरचा एक खुसखुशीत लेख आहे. गावातल्या बायकांनी स्वतःच्या नावानं लिहिलेलं याच्याआधीचं काही आमच्या पाहण्यात नाही. वाचनालयाच्या अमृतमहोत्सवात प्रदर्शन मांडायचं ठरलं. अंकाची पानं फाटत होती, म्हणून आम्ही तिघींनी बसून त्यांना सेलोटेप लावली. मुखपृष्ठ तर तालुक्याला नेऊन लॅमिनेट करून आणलं. म्हटलं, आता शंभर वर्षं चिंता नाही.

त्या मुखपृष्ठावर मेणाच्या खडूंनी काढलेलं आंब्याच्या पानांचं तोरण होतं. लॅमिनेशनच्या यंत्रात कागद तापतो. मेण वितळलं आणि हिरवा रंग अक्षरांवर पसरला. ज्यांनी ते तोरण काढलं होतं त्या आजी नातीचा हात धरून प्रदर्शनाला आल्या होत्या. रागावल्या नाहीत. बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “अगं, हे माझं तोरण नव्हे गं.”

पुढे काही महिन्यांनी जिल्ह्याच्या ठिकाणी जुन्या पुस्तकांच्या आणि कागदपत्रांच्या जतनाची दोन दिवसांची कार्यशाळा झाली. शिकवणाऱ्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, “सेलोटेप कुणी कुणी लावली आहे?” सगळ्यांचे हात वर. मग त्यांनी एक जुनं पान दाखवलं. टेप गळून पडलेली, पण तिचा डिंक कागदात मुरून तपकिरी पट्टा कायमचा राहिलेला. लॅमिनेशनचं तेच. प्लास्टिक एकदा चिकटलं की कागदाला इजा न करता काढणं जवळजवळ अशक्य.

आणि मग त्यांनी या कामाचा पहिला नियम सांगितला: जे पुन्हा सोडवता येत नाही, ते जुन्या कागदाला करायचं नाही. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. हे तर आपल्याला माहीत होतं की! नवं कापड आपण थेट मशीनवर घेत नाही. आधी कच्चा टाका घालतो, म्हणजे चुकलं तर उसवता येतं. तसंच कागदाचं. जाणकार लोक फाटलेलं पान पातळ जपानी कागदानं जोडतात आणि त्याला खळ लावतात ती गव्हाच्या सत्त्वाची. पुढे कधी काढायची झाली, तर ती ओलाव्यानं सुटते. गव्हाचं सत्त्व म्हणजे कुरडयांचा चीकच की, असं आम्ही म्हटलं तेव्हा बाई हसल्या. म्हणाल्या, “वस्तू तीच, पण धुऊन शुद्ध केलेली. तुमचा आंबवलेला चीक लावू नका हं, कसर आणि झुरळं जेवायला येतील.”

मैत्रिणींनो, हे सगळं आम्हाला आधी का माहीत नव्हतं? ग्रंथालयाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आम्ही केला होता. वर्गीकरण, तालिका, दाखल नोंद, सगळं शिकलो होतो. पण त्याला पंधरा वर्षं झाली. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. त्यातला पाचवा सांगतो की ग्रंथालय ही वाढत राहणारी संस्था आहे. ग्रंथालय वाढतं, तर ते सांभाळणारी तिथल्या तिथे थांबून कसं चालेल?

कार्यशाळा होत नव्हत्या असंही नाही. पत्रं येत होती, पण ती अध्यक्षांच्या किंवा सचिवांच्या नावानं. मग कार्यकारिणीतले कुणी तरी जाऊन यायचे, पिशवी आणि पेन घेऊन. पुस्तकांना हात आमचे लागतात, शिकायला मात्र दुसरेच. आम्ही भांडलो नाही. तिघींनी आपापल्या कार्यकारिणीला एकाच मजकुराचा अर्ज दिला: प्रशिक्षणाचं पत्र आलं की आधी ग्रंथपालाला दाखवावं, ते दिवस कामाचे धरावेत आणि प्रवासखर्च द्यावा. दोन ठिकाणी ठराव झाला. तिसऱ्या ठिकाणी अजून ‘बघू’ चाललंय. एसटीत आता बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खर्चाचं कारण निम्मं तरी संपलं.

मग आला 2020 चा टाळेबंदीचा काळ. वाचनालयं बंद, आणि मोबाईलवर रोज एक वेबिनार. शेवटी अर्ज भरला की प्रमाणपत्र ईमेलवर हजर. आमच्यातल्या एकीनं दीड महिन्यात बावीस प्रमाणपत्रं जमवली! खरं सांगायचं तर त्यातलं फारच थोडं डोक्यात राहिलं. भाषण इंग्रजीत, वेळ नेमकी स्वयंपाकाची, आणि ज्या वाचनालयात संगणकच नाही तिथे संगणक प्रणालीची तासभर माहिती.

पण एक वेबिनार कामाला आला. 2021 च्या जुलैत चिपळूणला महापूर आला, तिथल्या वाचनालयातही पाणी शिरलं. त्यानंतर भिजलेल्या पुस्तकांविषयी मराठीतून झालेलं एक सत्र आम्ही ऐकलं. ओलं पुस्तक उन्हात टाकायचं नाही, पानं वाकडी होतात. ओली पानं ओढून सुटी करायची नाहीत. मध्ये मध्ये कोरे, शाई नसलेले कागद घालायचे, ते भिजले की बदलायचे, आणि पंख्याच्या हवेत सुकवायचं. हे सगळं दोन दिवसांच्या आत, नाहीतर बुरशी धरते. पुढच्याच पावसाळ्यात आमचं एक छप्पर गळलं. चाळीसेक पुस्तकं भिजली. त्यातली तीन सोडून सगळी आज कपाटात आहेत.

त्या अनुभवावरून आम्ही आमची पद्धत ठरवली. वेबिनार असला की तिघी एका घरी जमतो. एकच फोन, मध्ये ठेवलेला. एक ऐकते, एक टिपणं काढते, एक प्रश्न विचारते. प्रश्न मराठीत विचारायला लाजत नाही. आणि शेवटी ठरवतो की यातलं एक काम पंधरा दिवसांत करायचं. एकच, पण करायचं. काम झालं तरच ते प्रमाणपत्र फायलीला लावायचं. बावीसपैकी फायलीत आता चार आहेत.

त्या चार कामांनी काय बदललं? कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे आली, त्यामुळे ओल आणि वाळवी लवकर दिसते. डांबराच्या गोळ्यांवर विसंबणं सोडलं; महिन्यातून एकदा प्रत्येक कप्पा रिकामा करून मऊ ब्रशनं पुसतो. जुने दस्तऐवज धुतलेल्या सुती कापडात बांधले, दफ्तरखान्यात मोडी कागदांचे रुमाल बांधतात तसे. आणि हस्तलिखित अंकाच्या प्रत्येक पानाचा फोटो काढला, फ्लॅश न लावता, खिडकीच्या उजेडात. त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या जागी ठेवल्या.

तुमच्या ट्रंकेतही आजीची वही असेल, आईची पत्रं असतील, बचत गटाचं पहिलं इतिवृत्त असेल. त्याला टेप लावू नका, लॅमिनेट करू नका. आमच्याकडे घेऊन या, आपण मिळून बघू. आणि तुमच्यापैकी कुणी वाचनालयाच्या कार्यकारिणीत असाल, तर पुढचं प्रशिक्षणाचं पत्र कुणाच्या हातात जातंय तेवढं पाहा.

त्या मुखपृष्ठाला आम्ही पुन्हा हात लावलेला नाही. जाणकारांना दाखवल्याशिवाय लावणारही नाही. दुरुस्ती केली की तिची नोंद ठेवायची, हेही कार्यशाळेतच शिकलो. म्हणून अंकासोबत एक चिठ्ठी ठेवली आहे. त्यावर तारीख आहे, काय केलं ते आहे, त्यामुळे काय बिघडलं ते आहे, आणि खाली आम्हा तिघींच्या सह्या आहेत. आमच्यानंतर त्या खुर्चीवर बसणारीला ती उपयोगी पडेल.