शाळामंडळ आणि गटबाजी



१९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविला. तरीही आर्कान्साचे गव्हर्नर फॉबस यांनी १९५८ मध्ये लिटल रॉकची हायस्कुले बंद केली. ५ मे १९५९ रोजी शाळामंडळाचे तीन सभासद सभात्याग करून गेले. उरलेल्या तिघा भेदवाद्यांनी ४४ शिक्षक-कर्मचाऱ्यांना काढण्याचा ठराव केला. गुणवत्ता नव्हे, गटनिष्ठा पाहिली गेली! २५ मे रोजी मतदारांनी त्याच तिघांना पदच्युत केले. जूनमध्ये न्यायालयाने शाळाबंदीचा कायदा रद्द केला आणि ऑगस्टमध्ये शाळा उघडल्या.

न्यायालय हक्क घोषित करते. तो मुलाच्या पदरात पडणे शाळामंडळावर अवलंबून असते. म्हणून अशा निवडणुकीत पक्षाची आज्ञा बाजूस सारून मुलांचे हित पाहणे, हे प्रत्येक पालकाचे कर्तव्य होय.