आतड्याची सूज आणि अँटिबायोटिकची गोळी
(चारठाणा येथे दिलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. औषधाच्या दुकानात उभे राहून माझी उमर गेली. म्हणून उपदेशाऐवजी माझीच एक चूक सांगतो.

जुलाब लागले की आपला माणूस जिंतूरच्या दवाखान्यात जाण्याआधी दुकानात येतो आणि "दोन गोळ्या द्या" म्हणतो. असाच एक तरुण आला. आवेबरोबर रक्त पडते म्हणाला. मी अँटिबायोटिक दिले. "दुसरे काही औषध चालू आहे का?" एवढेही विचारले नाही. त्याला मोठ्या आतड्याच्या सुजेचा, म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिसचा जुना आजार होता व सल्फासॅलेझिन चालू होते.

हे औषध स्वीडनच्या डॉ. नाना स्वार्ट्झ यांच्या संशोधनातून 1940 च्या सुमारास पुढे आले. नाना म्हटल्यावर हसू नका, त्या बाई होत्या! 1937 साली त्या कॅरोलिन्स्का संस्थेत प्राध्यापक झाल्या. ही गोळी म्हणजे दोन औषधांची बांधलेली जोडी. ती गाठ मोठ्या आतड्यातले जंतूच सोडतात, तेव्हा कुठे सूज उतरवणारा भाग मोकळा होतो. अँटिबायोटिकने तेच जंतू मारले तर गाठ सोडणार कोण? गोळी पोटात जाते, पण गुण कमी येऊ शकतो.

दुसरा धोका याहून मोठा. उपयोगी जंतू मेले की क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जंतू माजतो आणि विष सोडतो. लक्षणे तीच: जुलाब, कळा, ताप. जुना आजार उलटला की नवा जंतू शिरला, हे नुसते पाहून डॉक्टरांनाही कळत नाही. शौचाची तपासणी लागते. या तरुणाचा आजारच बळावला असे समजून आधी स्टेरॉईड वाढवले गेले. माझ्या गोळ्यांची चिठ्ठी नव्हतीच, मग डॉक्टरांना कळणार कसे? पुढे तपासणीत जंतू सापडला, व्हँकोमायसिन तोंडाने दिले आणि तो वाचला. हाडांचा सापळा होऊन तो दुकानात आला, तेव्हा माझी मान वर झाली नाही.

आणखी जोड्या आहेत. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याला कोट्रायमोक्साझोल दिले तर रक्तातल्या पेशी धोकादायक कमी होऊ शकतात. स्टेरॉईडबरोबर सिप्रोफ्लॉक्सासिन घेतले तर टाचेमागची जाड शीर तुटण्याची भीती, विशेषतः म्हाताऱ्यांना. क्षयाच्या रिफाम्पिसिनने स्टेरॉईडचा जोर कमी होतो. म्हणून क्षयाच्या गोळ्या मनाने बंद करू नका हं! डॉक्टर मात्रा बघून देतात.

अँटिबायोटिक वाईट नाही. आपल्याच पिंपरीला 1954 साली सरकारने त्याचा कारखाना उभारला, तो उगीच नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला वाचता येते. आज घरी गेल्यावर आजी-आजोबांच्या गोळ्यांची पाकिटे काढा, सगळी नावे एका कागदावर लिहा आणि तो कागद त्यांच्या दवाखान्याच्या पिशवीत ठेवा. आमच्यासारख्या दुकानदाराने विचारले नाही, तरी तो आधी पुढे करा.