पहिल्या आठवड्याचे आकडे



अमेरिकेत सप्टेंबर लागला की एनएफएलचा, म्हणजे व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलचा हंगाम सुरू होतो. पहिला आठवडा सरतो न सरतो तोच ३२ संघांच्या क्वार्टरबॅकांचा निकाल लावून लोक मोकळे होतात. क्वार्टरबॅक म्हणजे आक्रमणाचा सूत्रधार. चाल सुरू झाली की चेंडू त्याच्या हाती येतो. तो लांब फेकायचा, साथीदाराकडे सोपवायचा की स्वतःच पळत सुटायचं, हे त्याला दोन-तीन सेकंदांत ठरवावं लागतं. साहजिकच श्रेय त्याचं आणि खापरही त्याच्याच माथी. हा हिशेब किती कच्चा असतो, ते २०२३च्या पहिल्या आठवड्यात चांगलंच दिसलं.

७ सप्टेंबरला गतविजेत्या कॅन्सस सिटी चीफ्सची गाठ डेट्रॉइट लायन्सशी होती. चीफ्सच्या पॅट्रिक महोम्सने केडेरियस टोनीकडे पास फेकला. चेंडू टोनीच्या हातांवर आला आणि उसळला. लायन्सचा ब्रायन ब्रँच त्या दिवशी पहिलाच सामना खेळत होता. त्याने तो टिपला आणि ५० यार्ड पळत जाऊन टचडाऊन केला, म्हणजे चेंडू थेट समोरच्यांच्या शेवटच्या पट्ट्यात नेला. लायन्स २१-२० असे अवघ्या एका गुणाने जिंकले. चेंडू सुटला टोनीच्या हातून, पण इंटरसेप्शनची, म्हणजे पास प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेल्याची, नोंद झाली महोम्सच्या नावावर.

रविवारी पाळी आली सिनसिनाटीच्या ज्यो बरोची. नुकताच त्याचा ५ वर्षांचा, साडेसत्तावीस कोटी डॉलरचा करार झाला होता. क्लीव्हलंडच्या पावसात त्याचे ३१पैकी १४च पास साथीदारांपर्यंत पोचले, यार्ड मिळाले ८२ आणि संघ २४-३ असा हरला. एवढे पैसे घेऊन हे दिवे लावले, असं कुणीही म्हणेल. पण जुलैअखेरीस पोटरी दुखावल्यापासून तो जवळजवळ सरावाबाहेरच होता. त्याच दिवशी मायामीच्या टुआ टॅगोवायलोआने लॉस एंजेलिसमध्ये ४६६ यार्डांची कमाई केली. त्यातले २१५ एकट्या टायरिक हिलने झेललेल्या पासांवरचे.

पहिल्या आठवड्याचे आकडे असे फसवे असण्याचं कारण तयारीत आहे. हंगामापूर्वी बहुतेक संघ सरावाचे सामने खेळतात तीनच. त्यातही दुखापतीच्या धास्तीने मुख्य क्वार्टरबॅकला जरासाच वेळ उतरवतात, काही संघ तर अजिबात नाही. त्याच्यापुढे भिंतीसारखे उभे राहणारे पाच जण आणि पास झेलणारे गडी यांचा मेळ बसतो तो खऱ्या सामन्यांतच. ह्यूस्टनचा नवखा सी. जे. स्ट्राउड पहिल्या सामन्यात पाच वेळा आडवा झाला, टचडाऊन पास एकही नाही. याच मुलाने नोव्हेंबरमध्ये टॅम्पा बेविरुद्ध ४७० यार्ड आणि ५ टचडाऊन पास फेकून नवख्यांचा विक्रम मोडला.

सोमवारची तारीख होती ११ सप्टेंबर. न्यूजर्सीच्या मैदानात ३९ वर्षांचा ॲरन रॉजर्स अमेरिकेचा झेंडा हातात घेऊन धावत आला. ग्रीन बे संघात १८ हंगाम काढून तो न्यूयॉर्क जेट्सकडे आला होता. चौथ्याच चालीत बफेलोच्या लिओनार्ड फ्लॉइडने त्याला पाडलं. तो उठला, क्षणभर उभा राहिला आणि पुन्हा खाली बसला. टाचेमागची अकिलीस शीर तुटली होती. त्याच्या खात्यावर पास एक, तोही वाया. समोर बफेलोच्या जॉश ॲलनने तीन पास जेट्सच्या हाती दिले, तिन्ही टिपले जॉर्डन व्हाइटहेडने. शेवटी जादा वेळेत झेव्हियर गिप्सनने बफेलोची किक झेलून ६५ यार्डांची दौड मारली आणि जेट्स २२-१६ असे जिंकले. सामन्याचा निकाल लागला त्या घटकेला मैदानावर क्वार्टरबॅक नव्हताच.

पुढे काय झालं? टुआचा सूर टिकला. हंगामात सर्वाधिक यार्ड त्याच्याच नावावर लागले. पण ॲलनच्या बफेलोने आपल्या गटात पहिला क्रमांक पटकावला, स्ट्राउड आक्रमणातला सर्वोत्तम नवोदित ठरला, आणि महोम्सच्या चीफ्सनी फेब्रुवारीत सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, पुन्हा जिंकला.

तेव्हा मंडळी, पहिल्या आठवड्यात क्वार्टरबॅकचे यार्ड मोजण्याआधी त्याला किती वेळा पाडलं, कुणाच्या हातून चेंडू निसटला आणि झेल घेऊन पुढे पळालं कोण, एवढं पाहावं. बऱ्यावाइटाचा निवाडा करायला निदान ऑक्टोबर तरी उजाडू द्यावा.